संकरित गाईसाठी वळूची निवड

गावठी गाईला विदेशी दुधाळ जातीच्या वळूचे रेत देऊन पहिली संकरित कालवड मिळविण्यासाठी फारसा विचार करावा लागत नाही. आई दिवसाला दोन-तीन लिटर दूध देणारी असते, वळू दुधासाठीच प्रसिद्ध असलेल्या जातीचा असतो, आणि मुलगी आईपेक्षा पुष्कळ अधिक दूध देणार हे जवळजवळ ठरलेलेच असते. खरा विचार करावा लागतो तो ही कालवड मोठी होऊन माजावर येते तेव्हा. तिला पुन्हा विदेशी वळू द्यावा, देशी द्यावा, की तिच्यासारखाच संकरित द्यावा? विदेशी द्यावयाचा तर तिच्या बापाच्याच जातीचा, की दुसऱ्या? आणि जात ठरली तरी त्या जातीच्या शेकडो वळूंपैकी नेमका कोणता?

या प्रश्नांची उत्तरे चुकली तर चूक लगेच दिसून येत नाही. गाय नऊ महिने गाभण राहते. जन्मलेली कालवड स्वतः विण्यास आणखी अडीच ते तीन वर्षे लागतात. म्हणजे आज वापरलेल्या रेताचा गुण अथवा अवगुण धारेच्या बादलीत दिसावयास साडेतीन वर्षे जातात. शंभर गाईंच्या सरकारी प्रक्षेत्राला अशी एखादी चूक पचविता येते. ज्याच्या दावणीला दोनच गाई आहेत त्या शेतकऱ्याचे मात्र साडेतीन वर्षांचे वैरण, पेंड आणि श्रम एका कांडीवर अवलंबून असतात.

बेंगळुरूचा अनुभव

या विषयाचा अभ्यास करण्यास बेंगळुरू आणि त्याभोवतालचा प्रदेश अतिशय सोयीचा आहे, कारण भारतातील गोसंकराच्या इतिहासाचे अनेक महत्त्वाचे टप्पे येथे किंवा जवळपास पार पडले आहेत. येथील मूळ गोधन दुधाचे नव्हे. हळ्ळीकर आणि अमृतमहाल या काटक, चपळ आणि ओढकामासाठी नावाजलेल्या जाती. महाराष्ट्रातील खिल्लार याच कुळातली. अमृतमहालाची जोपासना म्हैसूरच्या राजांनी सैन्याच्या वाहतुकीसाठी केली, आणि तिला हे नाव टिपू सुलतानाच्या काळात मिळाले. असल्या जातीच्या गाईने स्वतःच्या वासराला पोसून घरापुरते दूध दिले तरी तिचे कर्तव्य पार पडले असे मानले जाई.

ब्रिटिश लष्कराला दुधाची निकड होती. लष्करी दुग्धशाळांनी विदेशी वळू आणून देशी गाईंशी त्यांचा संकर करण्यास प्रारंभ केला, आणि बंगलोर हे या प्रयत्नांचे एक प्रमुख केंद्र बनले. १९२३ साली येथे पशुसंवर्धन व दुग्धव्यवसायाची शाही संस्था स्थापन झाली. आयर्शर वळू आणि हरियाणा गाई यांच्या संकराचे आरंभीचे प्रयोग बंगलोरातलेच. १९२७ साली प्रकृतीच्या कारणाने महात्मा गांधी बंगलोरात मुक्कामास असताना ते या संस्थेत आले होते, आणि तेथील दुग्धतज्ज्ञ विल्यम स्मिथ यांच्याशी त्यांनी गोपालनाविषयी चर्चा केली होती. पुढे हीच संस्था राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्था झाली. १९५५ साली तिचे मुख्य कार्यालय कर्नालला गेले आणि बंगलोरला दक्षिण विभागीय केंद्र राहिले.

दुसरा टप्पा कृत्रिम रेतनाचा. १९३९ साली म्हैसूरच्या राजवाड्याच्या दुग्धशाळेत संपत् कुमारन् यांनी हळ्ळीकर गाईंवर होल्स्टीन-फ्रीजियन वळूच्या रेताचा कृत्रिम रीतीने उपयोग केला. भारतातील हा पहिला यशस्वी प्रयत्न मानला जातो. १९४२ साली इज्जतनगर येथे याविषयी पद्धतशीर काम सुरू झाले तेव्हा जी चार प्रादेशिक केंद्रे निवडण्यात आली त्यांत बंगलोर होते. आणि तिसरा टप्पा गोठविलेल्या रेताचा: बेंगळुरूच्या वायव्येस असलेल्या हेसरघट्टा येथे डेन्मार्कच्या साहाय्याने १९६९ साली जो प्रकल्प उभा राहिला, त्यातूनच आजची केंद्रीय गोठित रेत उत्पादन व प्रशिक्षण संस्था निर्माण झाली. द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंश सेल्सिअस तापमानाला ठेवलेली कांडी वर्षानुवर्षे टिकते. यामुळे वळू आणि गाय यांचे अंतर नाहीसे झाले. कोलार जिल्ह्यातील एखाद्या खेड्यातल्या गाईसाठी आता दूरदेशीच्या, किंबहुना मरून गेलेल्या वळूचीही निवड करता येते. निवडीचे स्वातंत्र्य असे अतोनात वाढले; निवड करण्याचे ज्ञान मात्र त्या वेगाने खेड्यापर्यंत पोहोचले नाही.

१९७४ नंतर कर्नाटकात जागतिक बँकेच्या मदतीने दुग्धविकासाची योजना आखली गेली, गावोगाव सहकारी संस्था निघाल्या आणि १९८४ साली कर्नाटक दूध महासंघ अस्तित्वात आला. नाचणीचे काड आणि रेशीमकिड्यांनी टाकलेले तुतीचे देठ खाऊन दूध देणारी काळी-पांढरी संकरित गाय ही या भागातील घराघराची मिळकत बनली. २०१९ च्या पशुगणनेनुसार भारतातील संकरित व विदेशी गोवंशाची संख्या ५ कोटींच्या वर गेली आहे. यांतील बहुसंख्य गाईंच्या बाबतीत प्रश्न पहिल्या पिढीचा उरलेला नाही. तो तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या पिढीचा आहे.

रक्ताचे गणित आणि संकरज ओज

पशुपालक ज्याला 'विदेशी रक्त' म्हणतात त्याचे गणित सरळ आहे. अपत्यात निम्मा वारसा आईकडून व निम्मा बापाकडून येतो. हळ्ळीकर गाय आणि होल्स्टीन वळू यांची मुलगी ५० टक्के विदेशी वारशाची असते. तिला पुन्हा होल्स्टीन वळू दिल्यास नात ७५ टक्के आणि पणती ८७.५ टक्के विदेशी होते. याउलट ५० टक्क्यांच्या गाईला ७५ टक्क्यांचा वळू दिला तर ६२.५ टक्के वारशाची कालवड मिळते. लष्करी प्रक्षेत्रांवर होल्स्टीन व साहिवाल यांच्यापासून तयार केलेल्या फ्रीजवाल जातीचे प्रमाण हेच आहे.

परंतु दुधाचा हिशेब केवळ या टक्केवारीवर चालत नाही. भिन्न जातींच्या आईबापांचे अपत्य त्या दोघांच्या सरासरीहून काहीसे सरस निघते. ते अधिक जोमदार असते, लवकर वाढते, नियमित विते आणि रोगाला कमी बळी पडते. यालाच संकरज ओज म्हणतात. हे ओज पहिल्या पिढीत पूर्ण असते, कारण प्रत्येक गुणसूत्रजोडीतील एक गुणसूत्र एका जातीकडून व दुसरे दुसऱ्या जातीकडून आलेले असते. पुढच्या पिढीत ते तसेच राहत नाही. समजा, एकाच व्यवस्थेखाली देशी गाय वेताला ५०० लिटर आणि विदेशी गाय २,५०० लिटर दूध देते. दोघींची सरासरी १,५०० लिटर. पहिल्या पिढीच्या संकरित गाईने १,९०० लिटर दिले तर त्यातील ४०० लिटर हा ओजाचा वाटा होय. आता या संकरित गाईला तिच्यासारखाच ५० टक्क्यांचा संकरित वळू दिला, तर मुलीतही विदेशी वारसा ५० टक्केच राहील, पण ओज निम्मे होईल. तिच्याकडून १,९०० नव्हे तर १,७०० लिटरचीच अपेक्षा ठेवता येईल.

भारतातील अनेक प्रक्षेत्रांवर दुसऱ्या पिढीने जी निराशा केली तिचे एक कारण हे आहे. दुसरे कारण अधिक लाजिरवाणे आहे. पहिल्या पिढीसाठी वापरलेले विदेशी वळू त्यांच्या देशात पिढ्यान्‌पिढ्या पारखून निवडलेले होते. दुसऱ्या पिढीसाठी वापरलेले संकरित वळू मात्र पुष्कळदा हाताशी होते एवढ्याच कारणाने निवडले गेले. संकराला दिलेला दोष वस्तुतः निवडीचा होता.

मग प्रत्येक पिढीला विदेशी वळूच का देऊ नये? बेंगळुरूभोवती अनेकांनी हाच मार्ग धरला. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे, उन्हाळा सौम्य आहे, पशुवैद्य जवळ आहे आणि दूध संघाची गाडी रोज येते. तेव्हा ७५ टक्क्यांची, क्वचित त्याहून अधिक वारशाची गाय तेथे तग धरते. परंतु जसजसे हे प्रमाण वाढते तसतशी गाय अधिक खाते, उन्हाने अधिक धापते, कासदाहाला अधिक बळी पडते आणि पुनःपुन्हा उलटते. चांगली व्यवस्था नसेल तर ५० वरून ७५ टक्क्यांवर गेल्याने दुधात जी थोडीशी भर पडते ती लांबलेल्या भाकड काळात आणि औषधपाण्यात नाहीशी होते. म्हणूनच बहुतेक राज्यांच्या प्रजनन धोरणांत विदेशी वारसा ५० टक्क्यांच्या आसपास, काही ठिकाणी ६२.५ टक्क्यांपर्यंत, राखण्याची शिफारस केलेली आढळते. बेंगळुरूच्या हवेत जे साधले तेच मराठवाड्यातील किंवा विदर्भातील मे महिन्यात पत्र्याच्या गोठ्याखाली साधेल असे समजणे धोक्याचे आहे. एकाच वळूच्या दोन मुली या दोन ठिकाणी दोन निरनिराळ्या जातींच्या वाटाव्यात इतका फरक पडू शकतो.

ओज टिकवून ठेवण्याचा आणखी एक मार्ग आहे: तिसरी जात आणणे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने तयार केलेली 'फुले त्रिवेणी' ही गाय याचे मराठी वाचकाला जवळचे उदाहरण. तिच्यात होल्स्टीनचा वाटा ५० टक्के, जर्सीचा २५ टक्के आणि गीरचा २५ टक्के ठरविण्यात आला. जर्सी व गीर यांच्या संकरित गाईला होल्स्टीन वळू दिला असता मुलीतील प्रत्येक जोडीत एक होल्स्टीन व दुसरे त्याहून भिन्न जातीचे गुणसूत्र येते, आणि विदेशी वारसा ७५ टक्के होऊनही ओज कमी होत नाही. होल्स्टीनचे विपुल दूध आणि जर्सीचा स्निग्धांश यांचा मेळ बसतो हा वेगळाच लाभ. कर्नालच्या करण स्विस व करण फ्राइज, केरळची सुनंदिनी, या साऱ्या गाईंमागे असाच काही विचार होता. फक्त प्रत्येकीचे साहित्य आणि प्रमाण निराळे होते.

मांसासाठी गाई पाळणाऱ्या देशांत हाच तत्त्वविचार अधिक काटेकोरपणे अवलंबिला जातो. अमेरिकेत हियरफर्ड व अँगस यांच्या संकरित गाई पुष्कळ कळपांत असतात. गाय संकरित असल्यामुळे ती नियमित विते आणि वासराला भरपूर दूध पाजते. तिला शॅरोलेसारख्या मोठ्या, मांसल, तिसऱ्याच जातीचा वळू दिला जातो, आणि त्या संकराची सर्व वासरे, कालवडीसुद्धा, विकून टाकतात. उष्ण दक्षिणेत गाईमध्ये ब्राह्मण जातीचे रक्त असते. हे नाव आपल्याकडचे आहे आणि रक्तही: गीर, कांक्रेज-गुजरात, ओंगोल आणि काही अंशी कृष्णाकाठची कृष्णा व्हॅली जात यांच्यापासून ती घडविली गेली. सांगलीच्या पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने वाढलेल्या जातीचे वंशज टेक्सासात चरत असावेत आणि कृष्णाकाठी ती जात दुर्मिळ व्हावी, हा इतिहासाचा विनोदच म्हणावा लागेल. आपल्याकडे मांस हा निवडीचा निकष नाही. कर्नाटकात आणि महाराष्ट्रात कायद्यानेही गोवंशाच्या कत्तलीस मनाई आहे. त्यामुळे आपल्याला प्रत्येक कालवड पुढच्या पिढीची आई म्हणूनच पाहावी लागते, आणि 'शेवटचा संकर' अशी सोय उपलब्ध नसते.

वळूच्या आईचे दूध

जात आणि वारशाचे प्रमाण ठरले, की विशिष्ट वळूची निवड येते. येथे पशुपालकाची सर्वांत मोठी फसगत होते. वळूची शिफारस करताना सामान्यतः एकच गोष्ट सांगितली जाते: त्याच्या आईने एका वेतात इतके हजार लिटर दूध दिले. हा आकडा खरा असला तरी त्याचा अर्थ काय?

एखाद्या गाईने अधिक दूध दिले याला पुष्कळ कारणे असतात. तिला उत्तम खाद्य मिळाले असेल, ती योग्य ऋतूत व्याली असेल, गवळी कुशल असेल. यांपैकी काहीही मुलाबाळांकडे जात नाही. गाईगाईंतील दुधाच्या फरकांपैकी जेवढा भाग संततीकडे जाऊ शकतो त्याला त्या गुणाची आनुवंशक्षमता म्हणतात. दुधाच्या बाबतीत ती साधारणपणे एकचतुर्थांश धरतात. आता गणित करून पाहावे. वळूच्या आईने त्याच गोठ्यातील, त्याच काळात व्यालेल्या इतर गाईंपेक्षा १,००० लिटर अधिक दूध दिले आहे. त्यातील २५० लिटर तिच्या वारशाचे मानावयाचे. त्यातील निम्मे, म्हणजे १२५ लिटर, वळूकडे आले. वळूच्या मुलीकडे त्याचेही निम्मे जाणार. अशा रीतीने हजार लिटरच्या कीर्तीपैकी नातीच्या वाट्याला सरासरी ६२.५ लिटर येतात. ३०५ दिवसांच्या वेतात हे दिवसाला जेमतेम २०० मिलिलिटर होतात. एक पेला दूध.

शिवाय हा हिशेब आईचे दूध तिच्या सोबतिणींशी ताडून पाहिलेले असेल तेव्हाच लागू पडतो. परदेशातील वातानुकूलित गोठ्यात १०,००० लिटर देणारी गाय तेथील सरासरीच्या खालची असू शकते, आणि तिचा मुलगा येथे मोठ्या दिमाखाने वापरला जाऊ शकतो.

वळूचा खरा गुण त्याच्या मुली सांगतात. त्याच्या अनेक मुली निरनिराळ्या गोठ्यांत वाढू द्यावयाच्या, आणि त्यांच्या पहिल्या वेतातील दुधाची तुलना त्याच गावातल्या, त्याच ऋतूत व्यालेल्या, इतर वळूंच्या मुलींशी करावयाची. याला संतती परीक्षण म्हणतात. मुलींची संख्या जितकी अधिक तितका निष्कर्ष विश्वसनीय. पूर्ण विश्वासार्हता १ धरली, तर आईच्या एका वेताच्या नोंदीची विश्वासार्हता ०.२५ एवढी भरते. १० मुलींच्या नोंदींची ०.६३ आणि ५० मुलींच्या नोंदींची ०.८८. दोन वळूंच्या मुली सोबतिणींपेक्षा सारख्याच, म्हणजे २०० लिटर, अधिक दूध देत असल्या, पण एकाच्या मुली १० आणि दुसऱ्याच्या ५० असल्या, तर पहिल्याच्या पुढील मुलींकडून ८० लिटरच अधिक मिळण्याची अपेक्षा धरावी, दुसऱ्याच्या मुलींकडून सुमारे १५४ लिटरची. दहा मुलींचा योगायोग असू शकतो. पन्नास मुलींचा योगायोग होणे कठीण.

या पद्धतीचा दोष म्हणजे ती अतिशय सावकाश चालते. वळू दोन वर्षांचा झाल्यावर त्याचे रेत परीक्षणासाठी वाटले जाते, नऊ महिन्यांनी मुली जन्मतात, त्या व्यावयास सुमारे तीन वर्षे, आणि वेत पुरे होण्यास दहा महिने. निकाल हाती येतो तेव्हा वळू साडेसहा वर्षांचा झालेला असतो. तोपर्यंत त्याचे रेत गोठवून ठेवावे लागते आणि त्यालाही पोसावे लागते; अखेरीस परीक्षणास ठेवलेल्या वळूंपैकी थोडेच पसंत पडतात. भारतात आणखी एक अडचण आहे. डॅनिश शेतकऱ्याच्या गोठ्यात एकाच छपराखाली पुष्कळ गाई असतात, तेव्हा तुलना तेथल्या तेथे होते. बेंगळुरूच्या भोवतालच्या खेड्यात एका घरी दोन गाई, दुसऱ्या घरी तीन. दूध मोजणाऱ्याला दर महिन्याला घरोघर हिंडावे लागते, आणि तेही पहाटेच्या व संध्याकाळच्या धारेच्या वेळी. केरळात हे काम १९७० च्या दशकापासून चिकाटीने होत आले. इतर राज्यांत त्याला पुष्कळ उशीर झाला. आता गाईच्या कानातील बारा अंकी पिवळ्या बिल्ल्यामुळे तिची ओळख व नोंद एकत्र ठेवणे शक्य झाले आहे.

संकरित वळूंच्या बाबतीत निवडीला आणखी एक मर्यादा पडते. पुष्कळ संकरित खोंड रेत देण्यास नाखूश असतात, आणि जे देतात त्यांतील अनेकांचे रेत गोठविल्यावर टिकत नाही. रेतातील गोठणानंतर हालचाल करणाऱ्या शुक्राणूंचे प्रमाण ५० टक्क्यांच्या खाली गेले तर ती कांडी वाटपास अयोग्य ठरते. चतुर्थांश मिलिलिटरच्या एका कांडीत २ कोटी शुक्राणू असावेत असा संकेत आहे. या चाळणीतूनच इतके खोंड गळतात, की दुधाच्या वारशावरून निवड करण्यासाठी उरतात ते मोजकेच. यामुळे काही प्रजनकांनी संकरित वळूचा नाद सोडून आलटून-पालटून दोन जातींचे शुद्ध वळू वापरण्याची रीत पत्करली. तीत ओजाचा सुमारे दोनतृतीयांश भाग कायम राहतो, पण विदेशी वारसा एका पिढीत वर आणि दुसऱ्या पिढीत खाली असा हेलकावत राहतो, आणि दोन गाईंच्या मालकाला आपली गाय नेमकी कोणत्या टप्प्यावर आहे याची आठवण ठेवावी लागते. ती सहसा राहत नाही.

गाय पाहून वळू

वळू कितीही उत्तम असला तरी तो अमुक गाईला योग्य असेलच असे नाही. पहिलारू कालवडीचे उदाहरण घ्यावे. होल्स्टीनचे वासरू जन्मतः ४० किलोग्रॅमच्या आसपास भरते, जर्सीचे पुष्कळ लहान असते. लहान बांध्याच्या कालवडीला मोठ्या वळूचे रेत दिले तर गाय अडते, वासरू ओढून काढावे लागते, वार अडकते, आणि पुढचा माज लांबतो. अशा वेळी पहिल्या वेतापुरता जर्सी वळू निवडणे शहाणपणाचे ठरते, मग दुधाचे काही लिटर गेले तरी चालतील. ज्या गावी दुधाचा भाव स्निग्धांशावर ठरतो तेथे तर जर्सीची निवड तोट्याचीही नसते. लोंबती कास, जाड किंवा आखूड सड, कमजोर खूर हे दोष ज्या गाईत आहेत तिच्यासाठी त्याच बाबतीत सबळ मुली देणारा वळू शोधावा. एका पिढीत एखाददुसरा दोष सुधारता येतो. सगळेच एकदम सुधारू पाहणाऱ्याच्या पदरी बहुधा काहीच पडत नाही.

नात्यातील संबंध टाळण्याचा नियम सर्वांना ठाऊक असतो, पण तो मोडला कसा जातो हे लक्षात येत नाही. बापाचेच रेत मुलीला दिले गेले तर वासराच्या गुणसूत्रजोड्यांपैकी सुमारे चौथा हिस्सा दोन्ही बाजूंनी एकाच पूर्वजाकडून आलेला असतो. वाढ खुंटते, प्रजननशक्ती घटते आणि दडलेले दोष वर येतात. गावात वळू हिंडत असे तेव्हा मालक जागरूक असत. कांडीच्या युगात बाप डोळ्यांसमोर नसतो. आज भरविलेल्या गाईची कालवड नऊ महिन्यांनी जन्मून अठरा महिन्यांची झाली, म्हणजे सव्वादोन वर्षांत, ती स्वतः भरविण्यास येते. त्याच केंद्रावर तोपर्यंत त्याच वळूचे रेत चालू असेल, तर बाप आणि मुलगी यांची गाठ पडण्यास कोणताच अडथळा राहत नाही. म्हणून एका गावात एकाच वळूचा वापर दोन वर्षांच्या पुढे चालू ठेवू नये. प्रत्येक कांडीवर वळूचा क्रमांक, जात, रेतकेंद्राचे चिन्ह आणि तारीख छापलेली असते. हा क्रमांक वहीत टिपून ठेवण्यास क्षणभराचा वेळ लागतो. रिकामी कांडी मात्र गोठ्यातच टाकून दिली जाते.

लोकप्रिय वळूचा अतिवापर किती दूरवर पोहोचतो याचे उदाहरण होल्स्टीन जातीनेच घालून दिले आहे. ऑस्बॉर्नडेल आयव्हॅनहो नावाच्या एका अमेरिकन वळूच्या वंशजांतून एक दोष जगभर पसरला. त्यात वासराच्या रक्तातील श्वेतपेशी संसर्गाच्या जागी पोहोचू शकत नाहीत आणि वासरू लहानपणीच दगावते. वाहक वळू व वाहक गाय एकत्र आली तरच चारांतील एक वासरू असे निघते, त्यामुळे कित्येक वर्षे कोणाच्या ध्यानात आले नाही. १९९० च्या दशकात याची चाचणी उपलब्ध झाली. रेतकेंद्रांवर आता वळूची या आणि अशाच काही आनुवंशिक दोषांसाठी तपासणी करतात. क्षय, जोन्सचा रोग, सांसर्गिक गर्भपात इत्यादी रोगांसाठीच्या चाचण्या तर ठरावीक काळाने पुनःपुन्हा कराव्या लागतात. रोगी वळू एका गावापुरता मर्यादित राहत नाही. त्याच्या हजारो कांड्या हजारो गावी जातात.

गोऱ्ह्यांचा प्रश्न राहतो. संकरित बैलाला वशिंड नसते किंवा लहान असते, उन्हात तो लवकर थकतो, आणि हळ्ळीकर किंवा खिल्लार बैलाची सर त्याला येत नाही. ट्रॅक्टर आल्यापासून तर त्याची मागणीच सरली. निम्मी वासरे नर होणार म्हटल्यावर निवडीचा निम्मा लाभ वाया जातो. लिंगनिश्चित रेत वापरल्यास सुमारे ९० टक्के कालवडी मिळतात, परंतु त्या कांडीत शुक्राणू कमी असतात आणि गाय फळण्याचे प्रमाण नेहमीच्या रेतापेक्षा खालावते. ते वारंवार उलटणाऱ्या गाईवर वापरणे म्हणजे पैसे फेकून देणे होय. निरोगी कालवडींवर आणि पहिल्या-दुसऱ्या वेताच्या नियमित गाईंवर ते वापरावे.

वळूची परीक्षा त्याच्या रक्ताच्या थेंबावरून करण्याची जनुकीय पद्धतीही आता भारतात आली आहे. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी महाराष्ट्रात वाशीम येथे 'गौ चिप' या जनुकीय साधनाचे लोकार्पण झाले. या पद्धतीने खोंड जन्मतःच पारखता येतो आणि साडेसहा वर्षांची वाट पाहावी लागत नाही. पण चिप स्वतः काही जाणत नाही. कोणते जनुकीय चिन्ह अधिक दुधाशी निगडित आहे हे आधी हजारो गाईंच्या प्रत्यक्ष मोजलेल्या दुधावरून ठरवावे लागते, आणि अमेरिकेतील होल्स्टीन गाईंवरून काढलेले सूत्र नाचणीच्या काडावर वाढलेल्या ६२.५ टक्क्यांच्या गाईला तसेच्या तसे लागू पडत नाही. त्यासाठी याच गोठ्यांतील, याच गाईंचे दूध महिन्यामागून महिना मोजून लिहावे लागते. पहाटे साडेपाचला मापाचे भांडे आणि नोंदवही घेऊन दारात उभ्या राहणाऱ्या माणसाचे काम या नव्या साधनाने वाचलेले नाही.